आपल्या पार्किंगमधली फियाट आणि तिचे पट्टे

'सोसायटीच्या पंचवीस वर्षांतलं काहीतरी इतिहासाच्या अंगानं लिहा,' असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा मला तीन विषय सुचले. पाण्याची टाकी, लिफ्टचं भांडण आणि बी विंगखालची फियाट. टाकीवर आणि लिफ्टवर लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि लिफ्टवर जितकं कमी लिहिलं जाईल तितकं सोसायटीच्या एकोप्याला बरं. म्हणून फियाट.

नव्या सभासदांसाठी थोडं सांगतो. बी विंगमधले आपले सर, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, राहायला आले तेव्हा सामानाच्या ट्रकमागून ही गाडी स्वतः चालवत आले होते. १९७१ सालची फियाट ११००, दुधी रंगाची. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाकासारखी सीट. नंतर सरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी ताडपत्रीखाली गेली ती अकरा वर्षं. मुलांनी तिला क्रिकेटची सीमारेषा केलं. वार्षिक सभेत 'नादुरुस्त वाहने हटविणे' हा विषय तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा सरांकडे बघून पुढे ढकलला गेला. दोन वर्षांपूर्वी सरांनी ताडपत्री काढली आणि गाडी दुरुस्तीला दिली. इंजिन, ब्रेक, वायरिंग, पत्राकाम हे सगळं झालं. त्याची हकीकत सर स्वतः कोणालाही, न विचारताही, सांगतात. मी लिहिणार आहे ते फक्त पट्ट्यांबद्दल.

झालं असं, की गाडी तयार होत आली आणि सरांच्या सूनबाईंनी शांतपणे सांगितलं, "बाबा, गाडी सुंदर झाली आहे. पण पट्टे नसलेल्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही." त्या फिजिओथेरपिस्ट आहेत. अपघातातून वाचलेली माणसं त्यांच्याकडे पुन्हा चालायला शिकतात. सर दुखावले. "पन्नास वर्षं ही गाडी पट्ट्याशिवाय चालली. मी कधी कुणाला साधा ओरखडा येऊ दिला नाही. आणि मूळ गाडीला पट्टे नव्हतेच. लावले तर ती मूळची कशी राहणार?" घरात आठ-दहा दिवस अबोला. शेवटी दोघांनीही मला विचारलं, कारण बँकेतला माणूस दोन्ही बाजू ऐकून घेतो अशी लोकांची समजूत असते.

मी सूनबाईंच्या बाजूनं होतो आणि त्याला कारण होतं. नोकरीत असताना एका तालुक्याच्या शाखेत मी वाहनकर्जं बघत असे. त्या काळी मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, त्यामुळे गाडी मिळाली की माणूस पेढे घेऊन बँकेत यायचा. असेच एक तरुण व्यापारी पेढे देऊन गेले. सात महिन्यांनी त्यांच्या पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन माझ्या टेबलासमोर बसल्या होत्या. गाडी रस्त्याकडेच्या झाडावर गेली होती. कर्जाला तारण म्हणून मला ती जाऊन बघावी लागली. पुढचा भाग चेपलेला, काच फुटलेली, पण आतली बसायची जागा जवळजवळ जशीच्या तशी. वेग फार नव्हता, असं पंचनाम्यात होतं. छाती स्टिअरिंगवर आदळली होती. त्या काळच्या गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा सरळ, न दुमडणारा असे. माणसाला सीटवर धरून ठेवणारं तिथं काहीही नव्हतं. ती बसायची जागा मी विसरलेलो नाही.

तर पट्ट्याचा इतिहास. निवृत्तीनंतर वेळ होता, वाचत गेलो. बरीचशी गोष्ट विमानातून सुरू होते. वैमानिक उलटापालटा होताना बाहेर पडू नये म्हणून त्याला बांधत. मोटारीला पट्टा हवा हे लोकांच्या गळी उतरायला फार उशीर लागला. अमेरिकेत नॅश कंपनीनं १९४९ मध्ये काही गाड्यांना कमरेचे पट्टे दिले, तर ग्राहकांना ते नकोसे झाले. पट्टा दिसला की गाडी धोक्याची वाटते, असा उलटा विचार. आपल्याकडे विम्याचा विषय काढला की घरातली ज्येष्ठ मंडळी "अभद्र बोलू नकोस" म्हणत, त्यातलाच प्रकार.

याच सुमारास अमेरिकी हवाई दलातले जॉन पॉल स्टॅप नावाचे डॉक्टर स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीला बांधून घेत होते. १० डिसेंबर १९५४ रोजी ते ताशी १००० किलोमीटरच्या वर गेले आणि दीड सेकंदाच्या आत थांबले. त्यांच्या शरीरावर त्यांच्या वजनाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण वाचले, आणि पुढे पुष्कळ वर्षं जगले. त्यातून हे दिसलं, की माणसाचं शरीर बराच मार सोसू शकतं, फक्त ते नीट बांधलेलं पाहिजे. मारतो तो वेग नव्हे, आतल्या आत होणारी दुसरी धडक मारते. गाडी झाडावर आदळते ती पहिली. माणूस गाडीवर आदळतो ती दुसरी.

हा हिशेब मी सरांना त्यांच्याच विषयात सांगितला, ते गणिताचे. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १४ मीटर. एवढा वेग उंचावरून पडून यायचा तर सुमारे पावणेदहा मीटर पडावं लागतं. म्हणजे आपल्या बी विंगचा साधारण तिसरा मजला. तिथल्या गॅलरीतून कोणी हाताच्या जोरावर स्वतःला सावरीन म्हणेल का? पण गाडीत पुढे बसलेले लोक "मी डॅशबोर्डला हात लावीन की" असं सहज म्हणतात. सरांनी कागद घेतला, स्वतः गणित केलं, आणि काही न बोलता कागद खिशात ठेवला.

नुसत्या कमरेच्या पट्ट्याचा घोटाळा असा होता, की माणूस कंबरेत दुमडतो आणि डोकं पुढे आपटतं. शिवाय पट्टा सरकून पोटावर आला तर आतडी आणि मणका दोन्ही धोक्यात. यावर खरा उपाय काढला स्वीडनच्या नील्स बोहलिन यांनी. ते आधी साब कंपनीत लढाऊ विमानांच्या आसनांवर काम करत. वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसनं. मग व्होल्वोत आले आणि माणसाला गाडीत धरून ठेवण्याच्या कामाला लागले. १९५९ मध्ये त्यांनी तीन टोकांचा पट्टा दिला. एक टोक खांद्याच्या वर, दोन कंबरेच्या दोन्ही बाजूंना खाली, आणि कडी कुशीजवळ, एका हातानं लावता येईल अशी. छातीचं हाड आणि ओटीपोटाची हाडं, म्हणजे शरीरातली त्यातल्या त्यात दणकट हाडं, यांवर भार जातो. ऑगस्ट १९५९ मध्ये हा पट्टा असलेली पहिली व्होल्वो स्वीडनमध्ये ग्राहकाच्या हाती गेली. कंपनीनं पेटंट घेतलं, पण इतर कारखान्यांनाही तो पट्टा वापरू दिला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला या गोष्टीचं विशेष वाटतं. एवढी मोठी मिळकत समोर असताना तिजोरी उघडी ठेवणारे थोडे. १९६७ मध्ये बोहलिननी २८,००० अपघातांचा अभ्यास मांडला आणि मग वादाला फारशी जागा उरली नाही.

वाद उरला तो सवयीचा. सुरुवातीचे पट्टे ताणून एका मापात बसवलेले असत. पिशवीच्या बंदासारखे. घट्ट केला तर हात पुढे पोचत नाही, सैल सोडला तर उपयोग नाही, आणि गाडीतून उतरलं की पट्टा दारात अडकतो. लोक कंटाळून तो सीटच्या मागे खोचून ठेवत. म्हणून माझ्या मते पट्ट्याइतकंच श्रेय त्या गुंडाळणाऱ्या डबीला, म्हणजे रिट्रॅक्टरला, द्यायला हवं, आणि तिचं नाव कोणी घेत नाही. १९५५ मध्येच हंटर शेल्डन या अमेरिकी मेंदू-शल्यविशारदांनी, रुग्णालयात येणाऱ्या डोक्याच्या जखमा बघून बघून, आपोआप आत जाणारा पट्टा हवा असं वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं.

आत काय असतं ते मी मिस्त्रीकडे एक जुनी डबी उघडून बघितलं. घड्याळातल्या कमानीसारखी एक स्प्रिंग पट्टा कायम आत ओढत असते. रिळाच्या कडेला करवतीसारखे दात. खाली एका वाटीत पोलादी गोळी. काही डब्यांत गोळीऐवजी छोटा लोलक असतो. गाडी एकदम मंदावली की गोळी वाटीच्या कडेवर चढते, वरची पट्टी उचलते, ती दातांत अडकते आणि रीळ जागच्या जागी थांबतं. युरोपातल्या नियमाप्रमाणे गुरुत्वाकर्षणाच्या अर्ध्याहूनही कमी, ०.४५ पट इतका झटका बसला की डबीनं कुलूप घातलंच पाहिजे. दुसरी सोय अशी, की पट्टाच कोणी झटक्यानं ओढला तरी ती अडते. हळू ओढला की येतो, जोरात ओढला की येत नाही. सरांचं यावरचं मत, "माझ्या शाळेतल्या शिपायासारखी आहे."

हे सगळं कळलं तरी पन्नास वर्षांच्या गाडीत ते बसवणं वेगळं. या फियाटची ओळख इथे सांगायला हवी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाईल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. १९६४ पासून तिथं हे मॉडेल बनू लागलं. तेच पुढे प्रीमिअर प्रेसिडेंट आणि मग प्रीमिअर पद्मिनी झालं, आणि मुंबईची काळी-पिवळी म्हणून सगळ्यांना ठाऊक झालं. या गाडीला खाली ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचा सांगाडा हीच चासी. आणि कारखान्यात तिला पट्ट्यांसाठी जागा ठेवलेलीच नव्हती.

मिस्त्रीचं पहिलं म्हणणं होतं, की पत्र्याला भोक पाडू, वॉशर टाकू, आवळू. भंगारात निघालेल्या नव्या गाड्यांचे पट्टेही स्वस्तात आणतो म्हणाला. दोन्हीला सूनबाईंनी नकार दिला आणि तो बरोबर होता. एकदा अपघातात ताण सोसलेला पट्टा पुन्हा वापरायचा नसतो, त्याचे धागे लांबलेले असतात, आणि बघून ते कळत नाही. हल्लीच्या गाड्यांच्या काही डब्यांत तर पट्टा क्षणात आवळायला छोटी दारू भरलेली असते. ती इलेक्ट्रिक इशाऱ्यावर उडते. असली डबी भंगारातून आणून हातोडीनं ठोकत बसणं म्हणजे न फुटलेला ॲटमबॉम्ब पायानं चाचपण्यासारखं. तेव्हा पट्टे नवे घेतले, साध्या गोळीच्या डबीचे.

आता पत्रा. तीन टोकांच्या पट्ट्याच्या जागा तपासताना नियमानुसार खांद्याच्या आणि कंबरेच्या पट्ट्याला प्रत्येकी सुमारे १३५० किलो वजनाइतका ओढा देतात. एक मिलिमीटरच्या आसपासचा जुना पत्रा त्यापुढे कागदासारखा फाटेल. म्हणून प्रत्येक जागी आतून तळहाताएवढी, तीन मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी वेल्डिंगनं बसवली आणि नट त्या पट्टीलाच जोडला. दोन दारांमधला खांब आतून पोकळ असतो. त्यात पट्टी सरकवायला मिस्त्रीच्या पोराचा बारीक हात कामी आला. चालकाच्या बाजूला तळाचा पत्रा खरवडला तर तो निम्मा गंजानं खाल्लेला निघाला, वरून रंग झकास. तेवढा कापून नवा घातला. गंजक्या पत्र्याला बांधलेला पट्टा नुसता शोभेचा. मागचं वेल्डिंग करण्याआधी पेट्रोलची टाकी काढून गॅरेजबाहेर नेऊन ठेवली. हे लिहायचं कारण, अशी कामं टाकी न काढता करणारे महाभागही आहेत.

एक गंमत. ही गाडी इटालियन घराण्याची, म्हणून तिचे नट-बोल्ट मेट्रिक. पण पट्ट्याचा बोल्ट जगभर इंचाच्या मापात, ७/१६ इंच, इंचाला २० आटे. हार्डवेअरच्या दुकानदारानं "बारा एमएम चालवून घ्या" असं तीनदा सांगितलं. आम्ही चालवून घेतलं नाही.

खरी पंचाईत मागच्या सीटला झाली. पुढच्या डब्या खांबाच्या पायथ्याशी उभ्या बसल्या आणि पहिल्याच दिवशी छान चालल्या. मागे खांब नाही, म्हणून मिस्त्रीनं तशाच डब्या काचेखालच्या फळीवर आडव्या बसवल्या. पट्टा ओढला तर जागचा हलेना. त्यानं तेल घातलं. तरी हलेना. स्प्रिंग खराब म्हणाला, दुसरी जोडी आणायला निघाला. दोष स्प्रिंगमध्ये नव्हता. डबी ज्या कोनात बसवायची म्हणून बनवलेली असते त्यापासून १२ अंशांपर्यंत कलली तर तिनं अडता कामा नये आणि २७ अंशांपलीकडे कलली तर अडलंच पाहिजे, असा दंडक आहे. गाडी उलटली तर पट्टा धरून राहावा हा हेतू. आमची डबी पूर्ण आडवी होती. तिच्या दृष्टीनं गाडी केव्हाच उलटलेली होती आणि ती इमानदारीनं कुलूप घालून बसली होती. फळीवर बसवायच्या डब्या वेगळ्या मिळतात, त्यांतली गोळीची वाटी त्या कोनासाठी फिरवलेली असते. त्या मागवल्या. फळीला मागे थोडा उतार आहे म्हणून खाली पाचरीसारखा ब्रॅकेट केला. सरांनी शाळेतला जुना कोनमापक आणि ओळंबा घेऊन तो कोन स्वतः तपासला. त्या दिवसापासून पट्टे हा सरांचा विषय झाला, सूनबाईंचा राहिला नाही.

'मूळ रूप' या मुद्द्याचं काय झालं, हेही नोंदवतो, कारण त्यावर आपल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर बरीच चर्चा झाली. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळा नंबर मिळतो. नोंदणीची फी २०,००० रुपये. पण तो नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. सरांना गाडी नातीला शाळेत सोडायला हवी होती. म्हणून त्यांनी व्हिंटेजचा नाद सोडला आणि नेहमीचीच पुनर्नोंदणी करून घेतली. माझं स्वतःचं मत असं, की पत्र्याच्या आत चार-सहा पट्ट्या गेल्यानं फियाटची फियाट राहत नाही, असं म्हणणाऱ्यानं आधी तिच्यातलं नवं वायरिंग काढून दाखवावं.

बाहेर काय झालं तेही थोडक्यात. पट्टा लावण्याची सक्ती सगळ्यात आधी ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं केली, १९७० मध्ये. ब्रिटननं पुढच्या सीटसाठी ३१ जानेवारी १९८३ पासून. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलांना पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरूच होणार नाही अशी यंत्रणा बसवली. सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी गाडी अडून बसायची. लोक इतके चिडले, की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं ती सक्ती काढून टाकली. आपल्याकडे नव्या मोटारींच्या पुढच्या सीटला पट्टे देणं १९९४ पासून बंधनकारक झालं. १ सप्टेंबर २०१९ पासून पट्टा न लावल्यास दंड १,००० रुपये.

पण आपण पुढच्या सीटवर पोलिसासाठी पट्टा लावतो आणि मागच्या सीटवर लावतच नाही. मागे बसणारा म्हणजे मानाचा, त्याला कोण सांगणार? गोपीनाथराव मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गेले, ते मागच्या सीटवर होते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले, तेही मागच्या सीटवर, आणि पट्टा लावलेला नव्हता. पुढे बसलेले दोघे वाचले. त्यानंतर मुंबईत सगळ्या प्रवाशांना पट्ट्याची सक्ती झाली, चार दिवस चर्चा झाली, मग आपण विसरलो. मागे बसलेला माणूस न बांधलेला असेल तर तो पुढच्याच्या पाठीवर त्याच वेगानं येतो. म्हणजे पुढच्यानं लावलेला पट्टाही अर्धा वाया. पुढच्या दिवाळीला गावी निघताना आजी-आजोबांना मागे बसवाल, तेव्हा एवढं बघा. पट्टा पोटावर नको, खाली मांडीच्या सांध्याशी हवा, आणि स्वेटर-शालीच्या आतून हवा. मान दुखते म्हणून खांद्याचा पट्टा काखेखालून घेणाऱ्या वहिनी मी आपल्याच गेटवर पाहिल्या आहेत.

फियाटच्या मागच्या दोन्ही जागांना आता तीन टोकांचे पट्टे आहेत. सरांची नात सात वर्षांची, तिला उंचीसाठी खाली बूस्टर सीट ठेवतात, नाहीतर पट्टा गळ्यावर येतो. पुढच्या सीटला मान टेकायला काही नाही. मागून धडक बसली तर मानेला झटका बसणारच, त्याचा उपाय अजून सापडलेला नाही, सरांचा विचार चालू आहे. मागे मधोमध तिसऱ्या माणसासाठी पट्टा बसवायला पत्र्यात धड जागा मिळाली नाही. म्हणून रविवारी सकाळी सर मुलांना फेरी मारून आणतात तेव्हा पुढे एक आणि मागे दोन, एवढीच मुलं. पुढच्या जागेवर बारा वर्षांच्या वरचं. नावं वॉचमनच्या केबिनमधल्या वहीत शनिवारपर्यंत लिहायची आहेत. माझं नाव गेल्या दोन रविवारांपासून यादीत आहे, पण सर म्हणतात, मुलं आधी.